चारशे बारा स्थळांचा फोन

अमरावतीत इतवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छापखाना आहे. तिथे हर्षा नावाची मुलगी डीटीपी करते. मुलगी म्हणायचं ते सवयीने, वय बत्तीस आहे. तिच्या कामाचं नाव गल्लीत मोठं, आणि रागाचं त्याहून मोठं. एकदा एका वरपित्याने लग्नपत्रिकेच्या मजकुरात धडधाकट आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लावून आणलं. तिने घरी फोन करून खात्री केली आणि त्याला चार गिऱ्हाइकांदेखत असं फैलावर घेतलं, की दुसऱ्या दिवशी तो बिचारा आजोबांनाच ऑटोत घालून पुरावा म्हणून घेऊन आला. आजोबा खूश झाले. हर्षा झाली नाही, कारण मजकुरात मामाचं नाव अजून चुकलेलंच होतं.

लोक म्हणत, पोरगी फटकळ आहे म्हणून बिनलग्नाची राहिली. खरं तर ती राहिली ती वेगळ्या कारणाने. बारावीत असताना वडील गेले. आई पार्बताबाई इतवाऱ्यात फुलं विकायची, अजूनही विकते. घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून हर्षा कॉम्प्युटर शिकली आणि या खुर्चीवर बसली. बसली ती चौदा वर्षं. या चौदा वर्षांत तिने किती लग्नपत्रिका जुळवल्या याची गणती नाही, आणि दरेक पत्रिकेच्या वेळी कोणीतरी शहाणं माणूस हसत विचारी, ‘मग तुमची कधी?’ आता अशा माणसांवर रागवायचं नाही तर काय त्यांना ओवाळायचं?

तर तिची पत्रिका यंदा निघणार होती. अकोल्याचा मनोज. कंपनीत नोकरी, स्वतःचं घर, एकुलता एक. पहिलं लग्न झालेलं, पण ‘मुलगी नांदली नाही, सहा महिन्यांत माहेरी निघून गेली’, असं बैठकीत सांगितलं होतं. हर्षाने विचार केला, बत्तिसाव्या वर्षी आपल्याला काय राजपुत्र यायचा आहे? मनोज दोनदा फोनवर नीट बोलला होता. तिने मोतिया रंगाची साडी घेतली, मालकाला सांगून ठेवलं की अकोल्याला गेले तर काम सोडीन, आणि कोणाला न सांगता थोडी खूशही झाली. साखरपुड्याला इकडे साक्षगंध म्हणतात, ते पुढच्या पंधरवड्यात, रविवारी होतं. हे स्थळ देवीदासकाकांनी आणलं होतं.

देवीदासकाका म्हणजे बडनेऱ्याचे. रेल्वेत पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ सोयरिकी जुळवू लागले, तसे जुळवत होते पंचवीस वर्षं. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि फोन. एक कप चहा आणि लग्न ठरल्यावर सुपारीचं जेवण, यापलीकडे कोणाचं काही घेत नसत. समाजात त्यांचा शब्द चाले, कारण त्यांनी कधी कोणाची भांजी मारली नव्हती. ठरत आलेलं लग्न कानाशी लागून मोडणं म्हणजे भांजी मारणं. आपल्याकडे दारूड्याला लोक माफ करतात, पण भांजी मारणाऱ्याला कोणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवून घेत नाही.

दरवर्षी अकोल्यात समाजाचा परिचय मेळावा भरतो. लग्नाची मुलं-मुली मंचावर येऊन नाव-शिक्षण सांगतात, आणि खाली बसलेले आईबाप हातातल्या परिचय पुस्तिकेत पेनाने खुणा करतात. ती पुस्तिका नऊ वर्षांपासून हर्षाच करायची. आधी छापील फॉर्म भरून येत. मग समितीतल्या कोणाच्या डोक्यात आलं की आता जमाना मोबाइलचा आहे, सगळ्यांनी फोटो आणि बायोडाटा देवीदासकाकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा. कोणी पाठवलं, कोणी नाही, याची यादी काका डोक्यात ठेवणार. मेळावा आला पाच दिवसांवर, आणि मंगळवारी सकाळी काका फोन घेऊन छापखान्यात आले.

“हे घे वं पोरी. चारशे बारा स्थळं आहेत यात. कॉम्प्युटरात घेऊन घे अन् छापून टाक.”

“छापून टाक?” हर्षा म्हणाली. “परवा मशीनवर जायचं आहे काका. तुमी आज आणून राहिले?”

“अवं, फोनमधी तयारच तं आहे सगळं. काढायचं किती वेळाचं काम?”

तिने फोन उलटा केला. मागे चिकटपट्टीने एक कागद लावला होता, त्यावर पेनाने लॉकचे चार आकडे लिहिले होते. चारशे बारा घरांची स्थळं ज्या फोनमध्ये, त्याची किल्ली त्याच्याच पाठीवर! हर्षाने कपाळाला हात लावला. काकांना पेन्शनच्या कामाला बँकेत जायचं होतं, तिथून बडनेऱ्याला घरी. संध्याकाळी फोन न्यायला येतो म्हणाले आणि गेले.

आता ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना वाटतं, वायर लावली की फोनमधलं सगळं कॉम्प्युटरमध्ये आपोआप ओघळून येतं. काकांनी दिलेली वायर फोन चार्ज करायची होती, तिच्यातून विजेशिवाय काही जात नव्हतं. हर्षाने खणातली आपली वायर लावली. फोनने विचारलं, नुसतं चार्जिंग की फाइल ट्रान्सफर? तिने ट्रान्सफर दाबलं. कॉम्प्युटरवर फोनचं नाव उमटलं, उघडलं तर आत रिकामं. कारण मधल्या वेळात फोनचं लॉक पडलं होतं. पुन्हा आकडे, पुन्हा ट्रान्सफर. मग फोल्डर दिसले, तिने फोटोंचा फोल्डर उचलून आपल्याकडे ओढला. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. फोन सापडत नाही, म्हणे. समोर टेबलावर पडला आहे आणि सापडत नाही!

तिने तीनदा केलं, तीनदा थांबलं. फोन गळ्यापर्यंत भरला होता, म्हणून धापा टाकत होता. आणि भरला होता कशाने? स्थळांनी? नाही. शुभ सकाळने. गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ, चहाचा कप आणि शुभ सकाळ, उगवता सूर्य, मोर, गणपती आणि शुभ सकाळ. वऱ्हाडातली अर्धी माणसं रोज उठून काकांना फुलं पाठवत होती. ज्यांच्या घरी खरी फुलं पिकतात, तेही पाठवत होते. हर्षा एकेकाच्या नावाने बोटं मोडत बसली.

शेवटी तिने एक छोटं सॉफ्टवेअर काढलं. ते वायरीवरच चालतं, पण ओढाओढी करत नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, कुठून कुठे न्यायचं ते सांगायचं, की ते एकेक फाइल जशीच्या तशी, तारीख-वेळेसकट उचलून आणतं, आणि तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे चालू करता येतं. हे ती व्हिडिओ पाहून स्वतः शिकली होती, कोणी शिकवलं नव्हतं. मालकाला अजून वाटतं कॉम्प्युटरला कीड लागली की ती काळी खिडकी येते. दोन तासांत एकोणीस हजार फाइली आल्या. शुभ सकाळ गाळायला आणखी एक तास गेला.

खरी गोम त्यानंतर कळली. फोनमध्ये प्रत्येक घराचा फोटो आणि बायोडाटा एकाखाली एक होते, कारण पाठवणाऱ्याने तसे पाठवले होते. कॉम्प्युटरमध्ये फोटो एका फोल्डरात गेले, बायोडाटा दुसऱ्यात, आणि दोन्हींवर नाव नाही, नुसते आकडे. चारशे चेहरे एकीकडे आणि चारशे कुंडल्या दुसरीकडे. बीई झालेल्या मुलाच्या नावावर कोणाचंही थोबाड लागलं असतं. आणि लोक तरी कसे? कोणी मुलाचा फोटो म्हणून पूर्ण कुटुंबाचा पाठवलेला, त्यात मुलगा कोणता ते देव जाणे. एका मुलीचा चेहरा ॲपने इतका उजळवलेला की नाक दिसत नव्हतं. आणि ‘अपेक्षा’ या रकान्यात प्रत्येक बेरोजगार नवरदेवाला गोरी, सडपातळ, नोकरीवाली आणि घरकामाची आवड असलेली हवी. हर्षाने एका अशा अपेक्षेपुढे मोठ्याने जी शिवी दिली, ती इथे छापता येत नाही.

तिने काकांना फोन लावला. ते घरी पोहोचले होते, नंबर त्यांच्या सुनेचा.

“काका, कोणता फोटो कोणाचा आहे? नाव तं एकावरही नाही.”

“अवं सोपं आहे,” काका म्हणाले. “मी दरेक स्थळ माया मलेच पाठवून ठेवतो. अन् त्याच्या खाली आवाज भरून ठेवतो. मले टाइप करता येत नाही नं. पहिलं नाव अन् गाव बोललो आहे. तू नाव ऐक अन् बंद कर. पुढचं काही ऐकाचं काम नाही.”

“पुढचं काय आहे?”

“काही नाही, माया आठवणीचं आहे. तू नाव ऐक अन् बंद कर.”

आवाज आठवड्याआठवड्याच्या वेगळ्या फोल्डरांत होते. तिने फोटो, बायोडाटा आणि आवाज, तिन्ही एका ठिकाणी ओतले आणि वेळेप्रमाणे लावले. तारखा शाबूत आल्या होत्या, म्हणून सगळं ओळीत बसलं. फोटो, बायोडाटा, आवाज. फोटो, बायोडाटा, आवाज. सकाळपासून पहिल्यांदा तिचा जीव जरा थंड झाला. तिने हेडफोन लावला आणि पहिला आवाज ऐकला.

“श्याम, दर्यापूर,” काकांचा आवाज म्हणाला. ती बंद करणार, तेवढ्यात पुढचं आलं. “इंजिनिअर सांगते, पण शेवटचं वर्ष निघालं नाही. पोरगा स्वभावानं गरीब आहे. आई भारी आहे.”

आता सांगा, असलं ऐकून कोण बंद करील? हर्षा ऐकत गेली. बायोडाटात सहा एकर ओलीत लिहिलेल्या घराला आवाजात दोन एकर होतं, तेही भावात वाटून घ्यायचं. एका मुलीचं वय कागदावर सव्वीस, आवाजात एकतीस. ‘निर्व्यसनी’च्या खाली, ‘संध्याकाळी सातनंतर याच्या घरी जाऊ नये.’ आधी तिला हसू येत होतं. काका सगळं जाणतात, सगळ्यांचं जाणतात, आणि चहा पिऊन गप्प बसतात. पण ऐकता ऐकता हसू जाऊन कपाळाची शीर उडायला लागली. ही जी पुस्तिका ती नऊ वर्षं चकचकीत कागदावर छापत होती, काना-मात्रा तपासत होती, ती अख्खी खोटी होती. खरी पुस्तिका या फोनमध्ये होती आणि ती कोणाच्याच हातात पडत नव्हती.

दोनशे तेरावा आवाज मनोजचा होता.

त्याचं स्थळ पुस्तिकेत यायचं नव्हतं, जमलेलं होतं. पण सॉफ्टवेअरने जुनं-नवं सगळं उचललं होतं. दीड वर्षापूर्वीची तारीख होती.

“मनोज, अकोला. कंपनीत आहे, घर सोताचं. पहिली बायको अचलपूरची, करिश्मा. मारे तिले. हाताचं मनगट मोडलं होतं, मी डोळ्यानं पाहून आलो. बाप म्हणते पोरगी नांदली नाही. तसं नाही, पोरगी चांगली होती. यानं दुसरं लग्न करतो म्हटलं तं पोरगी पाहून देणं आहे.”

हर्षाने ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. बैठकीत याच आवाजाने, तिच्या आईसमोर सतरंजीवर बसून, ‘पोरगी नांदली नाही’ या वाक्याला मान डोलावली होती. नुसती डोलावली नव्हती, वर म्हटलं होतं, ‘आजकालच्या पोरीले सहन होत नाही बाई.’

तिला इतका राग आला की काही वेळ तो कोणावर आहे हेच तिला कळेना. मनोजवर होताच. त्याच्या बापावर होता, काकांवर होता. पण त्या मोतिया साडीवरही होता, आणि ती घेताना दुकानाच्या आरशापुढे उभी राहून हसलेल्या बाईवर सगळ्यात जास्त होता. तरी तिने स्वतःला थोपवलं. आजोबा जिवंत आहेत का हे फोन करून विचारणारी बाई ती. ऐकीव गोष्टीवर ती कोणाचं नाव छापत नसे आणि खोडतही नसे.

पुस्तिकेच्या शेवटी पुनर्विवाहाचं पान असतं. त्या गठ्ठ्यात करिश्माचाही बायोडाटा होता, नंबरासकट. हर्षाने लावला.

“मी अमरावतीच्या छापखान्यातून बोलून राहिली. परिचय पुस्तिकेचं काम करते,” ती म्हणाली, आणि खोटं पुढे रेटवेना म्हणून सरळ बोलली. “अकोल्याच्या मनोजसंगं माहं जमलं आहे. तुमाले विचाराचं होतं.”

पलीकडे शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“साक्षगंध झालं का?” करिश्माने विचारलं.

“नाही. पंधरा दिवसांनी आहे.”

“मंग करू नका.” आणि मग जरा थांबून, “मशीन मायी बहीण चालवून राहिली. माया हातानं आता कापड सरकत नाही. दोन वर्षं झाली ताई, तुमी पयल्या आहात. मले कोणी विचारलंच नाही. मले वाटे, कोणाचं तरी जमंन तवा तरी कोणी विचारंन.”

“देवीदासकाका आले होते म्हणे.”

“दोनदा आले. हात पलस्तरात होता. चहाचा कप मी डाव्या हातानं देल्ला त्यायले. अरेरे म्हणाले, अन् मंग बायोडाटा मागतला.”

हर्षाने फोन ठेवला.

साडेतीनच्या सुमाराला देवीदासकाका दारात उभे राहिले. संध्याकाळी येतो म्हणालेला माणूस दुपारीच, तोही घामाने भिजून. घरी चहा पिताना त्यांच्या ध्यानात आलं असावं की फोनमध्ये अकोलाही आहे. मालक जेवायला गेले होते, दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

“झालं का वं? कसं आहे, ते अकोल्याचं तेवढं राहू दे. अकोल्याचे मी उद्या हातानं लिहून देतो तुले.”

हर्षाने हेडफोनची पिन काढली आणि दोनशे तेरावा आवाज लावला. छापखान्यात काकांचा आवाज घुमला. समोर काका उभे होते, त्यांचं तोंड बंद होतं आणि तरी ते बोलत होते. ‘मी डोळ्यानं पाहून आलो’ इथवर आल्यावर ते स्टुलावर बसले.

“मी तुले सांगतलं होतं,” ते हळूच म्हणाले. “नाव ऐक अन् बंद कर म्हणून.”

“नाव ऐकून बंद करासारखं होतं, तं तुमी पुढचं बोलले कायले?”

“ते माया आठवणीसाठी असते पोरी. उद्या कोणी विचारलं तं आपल्याजवळ असावं.”

“विचारलं होतं!” हर्षा ओरडली, आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याने मान वर केली. “माया आईनं विचारलं होतं. ‘भाऊ, पयली कावून गेली?’ असं विचारलं होतं. तुमी तिच्या पुढ्यात बसून होते. काय म्हणाले तुमी?”

“पोराचा बाप बाजूले होता. चार माणसं बसली होती. अशात मी कसा बोलू?” काकांनी पिशवी मांडीवर घेतली. “पंचवीस वर्षांत मी कोणाची भांजी नाही मारली. एक खेप मारली नं, तं माया दारात कोणी येणार नाही. पोरं कशी जमतीन मंग समाजातली?”

“बाकीच्यायची जमावी म्हणून मले मारायले देल्लं?”

“तसं नको बोलू.”

“मंग कसं बोलू? तुमीच सांगा. तुमाले लय छान बोलता येते, फोनमधी.”

इतक्या वर्षांत काकांशी असं कोणी बोललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणीतरी बोलायला हवं होतं. हर्षाने माउस फिरवला आणि यादी खाली सरकवायला लागली. तिला एकाएकी सुचलं होतं की आपलाही बायोडाटा आईने दिवाळीत यांच्याकडेच पाठवला होता. म्हणजे फोटो, बायोडाटा आणि आवाज. तिसरं तिचंही असणारच.

पडद्यावर तिचा फोटो आला तसे काका उठले. “ते नको लावू,” म्हणाले, आणि त्यांनी चक्क हात पुढे केला. “बाई, पाया पडतो, ते नको.”

तिने लावलं.

“हर्षा, अमरावती. फुलवाल्या पार्बताबाईची. बाप नाही, भाऊ नाही. पोरगी कामाची आहे, पण तोंडाची तिखट, राग लवकर येते. वय झालं आता. अकोल्याच्या मनोजले दाखवून पाहू. त्याले मऊ पोरगी देल्ली तं मरंन. ही मरणार नाही.”

हर्षाने पडद्याकडे पाहिलं, तिथे तिचा स्टुडिओत काढलेला फोटो होता, ओठ मिटून हसणारा. जन्मभर लोक तिच्या रागाला नावं ठेवत आले. आई रोज म्हणायची, राग कमी कर, कोण करील तुला? आणि या माणसाने तो राग नीट हातात घेऊन तोलून पाहिला होता, आणि ठरवलं होतं की हा मार खाण्याच्या कामाचा आहे.

“मी तुयी तारीफच केली वं त्यात,” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मले वाटलं, तू त्याले सुधारशीन. तू कोणाचं ऐकून घेणारी नाही. सगळ्यायचं भलं होईन.”

“मी त्याची बायको होणार होती काका. त्याचा दवाखाना नाही.”

तिने आपला फोन उचलला, आईला लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर काकांसमोर ठेवला. पलीकडे बाजाराचा कालवा होता, कोणीतरी शेवंतीचा भाव विचारत होतं.

“काय वं हर्षे? गिऱ्हाईक आहे, लवकर बोल.”

“आई, देवीदासकाका बसले आहेत माया पुढ्यात. तुले काही सांगाचं म्हणतात. हातातला हार खाली ठेव अन् ऐक.”

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. हर्षा त्यांच्याकडे बघत राहिली. तिने त्यांना झापलं नाही, हात जोडले नाहीत, की एक शब्द मदतीला दिला नाही. फोनवर पार्बताबाई दोनदा ‘हॅलो भाऊ’ म्हणाल्या.

“बाई,” काका शेवटी म्हणाले. “बाई, ते अकोल्याचं नका करू. पोरगा मारते. पयलीचा हात त्यानंच मोडला.”

बाजाराचा कालवा तसाच चालू होता. चौदा वर्षांत पार्बताबाईंनी कोणावर आवाज चढवलेला हर्षाने ऐकला नव्हता, गिऱ्हाइकाने ओला हार परत आणला तरी त्या नवा करून देत.

“तुमाले कवाचं मालूम आहे?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“अन् सुपारी फुटली त्या दिवशी,” पार्बताबाई म्हणाल्या, आणि तो आवाज हर्षाच्या ओळखीचा नव्हता, “तुमी मायाच घरी बसून, मायाच पोरीच्या हातचं वाढून घेऊन जेवले. भाऊ, तुमच्या घशाखाली घास उतरला कसा?”

पार्बताबाईंनी फोन ठेवला नाही. त्या उत्तराची वाट पाहत होत्या.